मॅडम, फिट लिहा

थेरगावातल्या ज्या दवाखान्यात मी बसते, तिथे ब्रेक संपलेल्या बायका येतात. चाकणच्या बाजूला कंत्राटी कामगारांना काही महिन्यांनी ब्रेक देतात आणि परत घेताना डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट मागतात.

त्या दिवशी आलेली बाई कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होती. शिफ्टभर अंगठ्याने क्लिपा दाबायच्या.

"हाताला मुंग्या येतात?"

"न्हाई."

"त्याने रात्री जाग येते?"

"मी पडले की मेले, मॅडम. लेकरं हलवतात तवा उठते."

मी तिला हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटं वाकवायला सांगत होते. माझं वाक्य संपायच्या आत तिने तसं केलंही. मनगटातली शीर दबलेली असेल, तर अशाने मिनिटभरात बोटं बधिर होतात.

"काय वाटतंय?"

"काय बी न्हाई."

मग लक्षात आलं, लाइनवर या एकमेकींना शिकवतात, डॉक्टरीण काय करायला लावते आणि आपण काय म्हणायचं. मला कॉलेजात शिकवलं होतं, रुग्ण सांगेल ते नीट ऐका.

हात खाली घेतल्यावर मात्र तिने उजवा हात झटकला, धुतलेल्या हाताचं पाणी झटकावं तसा. आणि चपापली. मी बघितलं होतं. मी तिचा तळवा उलटा केला. अंगठ्याखालचा गुबगुबीत भाग पार बसला होता.

"ऑपरेशन करावं लागेल," मी म्हणाले. "नाहीतर अंगठ्यातला उरलेला जोरही जाईल. आणि नंतर हे काम नको."

"मग कोणतं करू? आमचे मालक अंथरुणाला खिळलेत. घरात कमावणारी मी एकटीच."

"हलकं काम द्या, असं लिहून देते."

ती हसली. "हलकं काम सायबाच्या मेव्हणीला असतंय. मॅडम, फिट लिहा. पाया पडते." ती खरंच वाकली. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. फिट लिहिलं तर हात जाणार, नाही लिहिलं तर घर. मी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दुसरा डॉक्टर बघते."

दार उघडंच राहिलं. बाहेर बाकावर बसलेल्या मैत्रिणीला ती म्हणाली, "हात झटकू नको गं. ही बाई बघते."

मैत्रीण आत आली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून माझ्यासमोर बसली.