संध्याकाळी मोजलेलं बोट

हिरा खरा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच विचारतो. ऑनलाइन घेतली ना अंगठी, मग फसवलं असणार, काच निघाली असणार. नाही निघाली. सोनंही सांगितलं होतं त्याच कसाचं होतं, डबी वेळेवर आली, पावती, प्रमाणपत्र सगळं आत होतं. ज्या ज्या गोष्टींसाठी मी देव पाण्यात घालून बसले होते, त्यातली एकही वाईट झाली नाही.

माझा मुलगा गोठवलेल्या भाज्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. आत उणे अठरा. वाटाण्याच्या, मक्याच्या पेट्या रॅकवर लावून घ्यायच्या, बाहेर जाणाऱ्या पेट्यांवरचे नंबर कागदाशी ताडून पाहायचे, हे त्याचं काम. जाड कोट, कानटोपी, दोन-दोन हातमोजे. कामावरून घरी आला की चहाचा कप तो आधी नुसता धरून बसतो. बोटं जागी झाली की मग पितो.

लहानपणापासून नाकासमोर चालणारा. एखादी गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय हातातून सोडायची नाही. कुलूप लावून जिन्याच्या तळाशी पोचला की परत वर. आमचे हे त्याला ‘इन्स्पेक्टर साहेब’ म्हणतात. “साहेब, दूध उतू गेलंय, पंचनामा करता का?” असं काहीतरी रोज चालायचं. तो हसायचा, बोलायचा नाही. मुलगी बघायला गेलो की तिथेही बोलायचा नाही. चौतिशी आली तरी कुठे जमेना. एका मुलीच्या आत्याने तर मला विचारलं, त्याला बोलता येतं ना?

मग त्यांच्याकडे लेबलच्या खात्यात एक नवीन मुलगी आली. पेट्यांवर तारखेचं लेबल चिकटवायचं काम. लेबलाचा कागद जाड हातमोज्यांनी सुटत नाही, म्हणून त्या खात्यातल्या बायका सुती मोजे घालतात आणि बोटांची टोकं कापून टाकतात. ही मुलगी तोंडाची भारी. सुपरवायझरची नक्कल सुपरवायझरसमोर करायची. आमच्या घरात रात्रीच्या जेवणाला ‘आज ती म्हणाली’ सुरू झालं. हे म्हणायचे, बातम्या लावू नका, आपला वार्ताहर आलाय. मी मात्र घास हातात धरून ऐकायची. जो मुलगा वर्षानुवर्षं ‘हं’ आणि ‘नको’ यावर जगला, तो दुसऱ्याचं बोलणं हावभावासकट सांगत होता. माझा सगळा जीव त्या मुलीत अडकला. ही हातची गेली तर हा पुन्हा गप्प होणार, आणि या वेळी कायमचा, हे मला पक्कं दिसत होतं.

ती लग्नाला हो म्हणाली. कुठे, कसं, ते त्याने सांगितलं नाही. पण अंगठीचं त्याने सांगितलं. ऑफिसातल्या एका बाईंनी नवी हिऱ्याची अंगठी सगळ्यांना दाखवली होती. हिने ती ट्यूबलाइटखाली फिरवून पाहिली आणि परत देताना म्हणाली, आमच्या बोटांना असलं काही शोभायचं नाही. हसत म्हणाली. याने ते ऐकलं आणि मनात घेतलं.

मग तो मोबाइल घेऊन बसायला लागला. त्याला जे शिकायला मिळालं ते तो मला शिकवायचा. अर्ध्या कॅरटचा दगड एकदम महाग होतो, त्यापेक्षा किंचित कमी असला तर डोळ्याला कळत नाही पण किंमत उतरते. जरा पिवळसर झाक असली तर पिवळ्या सोन्यात ती दिसत नाही. डाग असला तरी चालेल, तो कडेला हवा, म्हणजे दगड धरणाऱ्या चार काड्यांपैकी एकीच्या आड जातो. त्याने असा एक दगड शोधून काढला. एका ठिकाणी उरलेल्या मालात अंगठी मिळत होती, ओव्हरटाइमच्या पैशात बसत होती, फक्त परत घेणार नाहीत अशी अट होती.

मी नाही-नाही ते बोलले. दुकान खरं आहे का, पत्ता आहे का, फोन कोण उचलतं, वाटेत डबी बदलली तर? “चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण कोपऱ्यावरच्या सोनाराकडून घे,” म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, सोनाराकडे चार पैसे जास्त नाही, दुप्पट जातात. आणि मला सगळ्या लोकांचे अभिप्राय वाचून दाखवले, वाईट असलेले आधी.

मापाचंही त्याने नीट केलं. साइटवर लिहिलं होतं की बोट सकाळी मोजू नये, दिवसाअखेर मोजावं, म्हणजे माप बरोबर येतं. म्हणून तो संध्याकाळपर्यंत थांबला. पाळी सुटायच्या आधी ती आतल्या रॅकवरच्या पेट्यांची लेबलं बदलत होती. त्याने लेबलामागच्या गुळगुळीत कागदाची पट्टी तिच्या बोटाभोवती गुंडाळली, तारीख चिकटवतो म्हणाला, कधी खराब होशील ते कळायला. ती खूप हसली. पट्टीवर पेनाने खूण करून त्याने ती खिशात ठेवली, घरी येऊन स्टीलच्या पट्टीवर तीनदा मोजली, आणि मलाही मोजायला लावली. तिन्ही वेळा एकच माप आलं. माझंही तेच आलं.

साइटवर लिहिणाऱ्याला काय माहीत, की काही लोकांची संध्याकाळ उणे अठरात होते, आणि तिथे बोटं आकसतात.

अंगठी आली ती साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. घड्याळजीकडून भिंग आणून त्याने दगडाच्या कडेवर कोरलेला नंबर प्रमाणपत्राशी ताडून पाहिला. मी रात्री पहिल्यांदाच नीट झोपले.

समारंभ कसला, आमच्याच बैठकीच्या खोलीत दोन्ही घरची माणसं. त्याने तिचा हात धरला, अंगठी घातली, ती मधल्या सांध्यावर अडली. त्याने जरा जोर लावला. पुन्हा अडली. सगळे पुढे वाकून बघायला लागले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. तिने अंगठीसकट हात मागे घेतला आणि म्हणाली, “सकाळपासून काम करून हात चिकट झालेत माझे, धुऊन येते.” ती मोरीत गेली, नळाचा आवाज आला. परत आली तेव्हा अंगठी बोटात होती. तिने हात ट्यूबलाइटखाली धरून सगळ्यांना दाखवला. सगळे एकदम बोलायला लागले. हे म्हणाले, साहेबांचं माप चुकत नसतं.

ती परत आल्यावर मी मोरीत गेले होते. साबणाचा फेस भांड्यात तसाच होता. ती चहाचे कप घ्यायला आत आली तेव्हा मी तिचं बोट पाहिलं. अंगठीच्या वर मांस फुगलं होतं.

“घट्ट आहे ती. काढ, वाढवून आणू,” मी म्हटलं.

“काकू, सांध्याच्या आत गेली की सैल आहे. बघा ना, फिरते,” ती म्हणाली. फिरत नव्हती. मग हळूच म्हणाली, “त्याला नका सांगू. किती महिने बघत होता तो.”

मी त्याला सांगितलं. त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी त्याने तिला विचारलं, तर आतल्या गारठ्यात तिने त्याच्यासमोर अंगठी गोल गोल फिरवून दाखवली. तिथे ती खरोखरच सैल व्हायची. तो येऊन मला म्हणाला, आई, उगाच धसका घेतेस तू. हे पण तेच म्हणाले.

घरी गेल्यावर तिचं बोट सुजायचं. काढायला जायची तर सांध्यावर अडायची, गारठ्यातसुद्धा. आणि कामावर दागिना घालून आत जायला मनाई होती. दारावरच सुपरवायझर हात बघतो; पहिल्या दिवशी मोज्याखाली कसंबसं निभावलं. मग तिने बोटाला पट्टी बांधली आणि सगळ्यांना सांगितलं, विळीवर कापलं. पट्टी घामाने ओली व्हायची, आत गेल्यावर गोठायची, बाहेर आली की वितळायची. आतमध्ये दुखत नव्हतं. तिथे कोणाचीच बोटं दुखत नाहीत, ती असल्याचंच कळत नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांचीच ठणकतात, तशी तिचीही ठणकायची.

एकदा जेवताना तो सहज म्हणाला की तिचं बोट कापलंय, आठवडा झाला पट्टी आहे, बरंच होत नाही.

“कोणतं बोट?” मी विचारलं.

“डाव्या हाताचं. अंगठीचं.”

“मग अंगठी कुठे ठेवते ती?”

त्याने ताट बाजूला सारलं. हात न धुता उठला. आम्ही दोघं तसेच तिच्या घरी गेलो. ती पट्टी सोडू देईना. तिच्या वडिलांनी मनगट धरलं आणि मी सोडली. वास आला. अंगठीच्या वरचं बोट वांग्यासारखं झालं होतं आणि टोक काळं.

दवाखान्यात छोट्या करवतीने अंगठी कापून काढली. डॉक्टर दोन दिवस वाट पाहू म्हणाले, पण संसर्ग वर चढायला लागला आणि बोट मुळापासून काढावं लागलं. नर्सने अंगठीचे दोन तुकडे कापसात गुंडाळून माझ्या हातात दिले. हिरा जागचा हलला नव्हता.

कामावरून तिला काढलं. नियम मोडला म्हणाले, सही केलेला कागद दाखवला. याने साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन चूक माझी आहे, मला काढा, म्हणून सांगितलं. त्यांनी त्याला परत कामावर पाठवलं.

तेव्हापासून तो रोज तिच्या घरी जायला लागला. औषधं, फळं, दवाखान्याची रांग, सगळं त्याने केलं. आणि रोज माफी मागितली. आल्या आल्या एकदा, निघताना एकदा. तिला पाण्याचा पेला धरताना त्रास झाला की एकदा. घरीसुद्धा आता तो तिचं काही सांगत नसे. हे त्याची थट्टा करायचे थांबले, ते मला जास्त भयंकर वाटलं. लग्नाचं कोणीच बोलत नव्हतं. मी म्हटलं, जखम भरू दे, मग बोलू.

जखम भरली. तिने निरोप पाठवला, काकूंना एकट्यांना येऊ दे. त्यानेच मला स्कूटरवरून सोडलं आणि तो खाली थांबला.

ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. डावा हात तिने लपवला नाही. मला बसायला जागा करून दिली.

“काकू, मी नाही म्हणतेय,” ती म्हणाली.

मी म्हटलं, त्याची चूक झाली, पण मुद्दाम केलं का गं त्याने?

“तुम्ही पण तेच. मी कुठे म्हणते त्याची चूक झाली? अंगठी मी ढकलली आत. पट्टी मी बांधली. खोटं मी बोलले. हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल. त्याला ते ऐकायचंच नाही.” तिने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. “तो येतो आणि हाताकडे बघतो. माझ्याकडे बघतच नाही. परवा मी त्याला म्हटलं, बरं झालं, आता नखं नऊच कापायची. तर रडायला लागला. मग मीच त्याला समजावत बसले. बोट माझं गेलं, काकू.”

मी तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. थोडे दिवस जाऊ दे, तो सावरेल, म्हणाले.

“मीही तेच म्हणत होते. पण आता जिन्यात त्याची चाहूल लागली की मी आतल्या खोलीत जाऊन बसते. रोज उठून कोणाला तरी माफ करायचं, हे जन्मभर नाही झेपणार मला. माणूस चांगला आहे हो. म्हणूनच नाही झेपणार.”

 ती आतून पाणी घेऊन आली. पेला तिने नीट धरला होता.

खाली येऊन मी त्याला सगळं सांगितलं. जसंच्या तसं, एक शब्द न लपवता. त्याला कळायला हवं होतं की ती का नाही म्हणतेय, कारण त्यातच अजून आशेला एक फट होती. मी म्हटलं, वर जा. काही बोलू नकोस, तिच्या तोंडाकडे बघ, तिला हसव. आधी कसं बोलायचास तसं काहीतरी बोल.

त्याने मान हलवली. वर गेला. मी स्कूटरपाशी उभी राहिले. समोरच्या दुकानदाराने बसायला स्टूल दिलं, मी बसले नाही. चप्पल काढून परत घालायला लागतो तेवढ्याच वेळात तो खाली आला.

मी विचारलं, काय म्हणालास?

त्याने स्कूटरला किल्ली लावली.

“माफ कर म्हणालो,” तो म्हणाला. “दुसरं काही आलंच नाही गं तोंडातून.”

मी मागे बसले. त्याने मला घराच्या दाराशी सोडलं. दुपारची पाळी होती, तो तसाच कामावर गेला.