रंभाबाईंचे रिकामे क्रेट

भरे गावच्या रंभाबाईंनी आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाही. शेजारून ताकाची लोटी आली, की जाताना तिच्यात मूठभर वाल तरी असत.

त्यांच्याकडे एक टेम्पो होता. पिरंगुटच्या एका कंपनीचे सुटे भाग निळ्या क्रेटमधून गावोगाव जात. रिकामे क्रेट गोळा करायचे, धुवायचे, वाळवून परत पोचवायचे, हे काम रंभाबाई आणि त्यांची सून सुलक्षणा करत. घर त्यावरच चाले. उन्हात मांडलेले क्रेट लांबून पाहिले, की माळावर तळं उतरल्यासारखं वाटे.

मग कंपनीला पर्यावरणाची काळजी वाटू लागली. परतीच्या क्रेटसाठी ‘शाश्वत भागीदार’ निवडायला समिती बसली. प्रत्येकासमोर पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. उमेदवार दोन: शहरातली एक संस्था, जिच्या ट्रकांवर हिरवी पानं रंगवली होती, आणि रंभाबाई. दोघांनी एकेक खेप आणायची. जो पास होईल, त्याला काम.

समितीचा सचिव निरंजन, अमरावतीहून नोकरीला आलेला पोरगा, घरी येऊन सांगून गेला, “आजी, या खेपेला साहेब स्वतः बघणार आहेत.”

एरवी वरच्या क्रेटात वॉचमनपुरतं काहीतरी असायचंच. आता साहेब! रंभाबाईंनी जुन्या लुगड्याचे तुकडे फाडले आणि इंद्रायणी तांदळाच्या पुरचुंड्या बांधायला बसल्या. क्रेटागणिक एक.

“आत्या, कंपनी हाय ती, शेजारीण न्हाई,” सुलक्षणा म्हणाली.

“भांडं तिचंच हाय ना? मग शेजारीणच.”

तपासनिसाने लिहिलं: ‘क्रेटमध्ये परकीय पदार्थ.’ शहरी संस्थेचे क्रेट स्वच्छ, चकचकीत आणि पिवळे होते. कंपनीचे क्रेट निळे, पण तपासणीच्या कागदावर रंगाचा रकाना नव्हता. पानांचे ट्रक पास झाले. रंभाबाईंना नापास करायला फाइलला पुरावा जोडायचा, एवढंच उरलं.

पुरावा सापडेना. सुरक्षिततेसाठी समितीच्या प्रत्येक सभासदाने आपापली पुरचुंडी घरी नेली होती. दुपारी मोठ्या साहेबांचा डबा उघडला आणि मजलाभर भाताचा वास दरवळला. थोड्या वेळाने कुणालातरी एकदम पिवळा रंग दिसला आणि पानांचे ट्रक नापास झाले.

निरंजन कामाचा कागद घेऊन भऱ्यात आला. सोबत पुरचुंड्यांची धुऊन घडी केलेली फडकी होती.

“मोकळीच आणलीस व्हय रं?”

त्याने घाईघाईने कागद फडक्यांवर ठेवला आणि अट वाचून दाखवली: क्रेट पूर्ण रिकामे असावेत.

“न्हाई जमायचं,” रंभाबाई म्हणाल्या. सुलक्षणाने कपाळाला हात लावला.

निरंजन जवळ सरकला. “आजी, साहेबांनी विचारलंय, तांदूळ क्रेटच्या बाहेरून येईल का?”

रंभाबाईंनी बराच विचार केला.

“येईल की. पिशवी त्यांनी धाडायची. आन् मोकळी न्हाई धाडायची, सांग.”