थोरला झोपलाय

न्योमन दुर्पाला कुणी दगडफोड्या म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "दगड फोडायला गाढवही चालतं. मी दगडाची समजूत घालतो," असं म्हणून तो समोरच्याला इतकं ऐकवायचा की ऐकणाऱ्याची कॉफी गार व्हायची. आळीतली माणसं त्याला मुद्दामच तसं म्हणत. पावसाळ्यात दुसरी करमणूक तरी काय असणार?

बातुबुलानच्या वरच्या अंगाला आमचं हे गाव. पाळण्यातलं पोर इथे छिन्नीच्या आवाजावर झोपतं आणि आवाज थांबला की दचकून उठतं. नदीच्या कड्यातून आम्ही पारास दगड काढतो. राखी रंगाचा, ताजा असताना ओल्या खोबऱ्यासारखा कापता येणारा. मऊ म्हणून त्यात वाटेल ते उमटतं, आणि मऊ म्हणूनच ते टिकत नाही. पाऊस आणि शेवाळ मिळून एका माणसाच्या आयुष्यात देवाचं नाक खाऊन टाकतात. मग पुढच्या पिढीने नवा दगड चढवायचा आणि पुन्हा कोरायचा. गोवा गजाची जुनी गुहा बघायला जाणाऱ्या बसमधले पाहुणे आमचं देऊळ बघून विचारतात, हे किती जुनं? खरं उत्तर असं की देऊळ फार जुनं आणि दगड कालचा. पण ते ऐकून त्यांचं तोंड उतरतं, म्हणून आम्ही नुसते हसतो.

देवळाच्या उंच दारावर भोमा असतो. बटबटीत डोळे, चार सुळे, दोन्हीकडे पसरलेले पंजे, वाईटसाईट आत येऊ न देणारा. आमच्या दारावरचा भोमा दुर्पाच्या आजोबांनी कोरलेला. दुर्पाचं केस पिकेपर्यंतचं आयुष्य त्या चेहऱ्याच्या धाकात गेलं. त्याच्या देखत चेहरा झिजत गेला आणि शेवटी दारावर नुसता एक गोळा उरला. तेव्हा गावाने नवा दगड रचला आणि भोमाचं काम घराण्याच्या मानाप्रमाणे दुर्पाकडे दिलं. घराण्यात खरं तर दोघं होते. पण थोरल्याचं नाव काढायची सोय नव्हती.

थोरला वायान पुगेर. एकेकाळी त्याचा हात दुर्पाहून सफाईदार होता, हे दुर्पाही मान्य करायचा, अर्थात दात खाऊन. पुगेरच्या घरात खाणारी तोंडं जास्त. दगडाची कामं आटली तेव्हा त्याने आजोबांच्या भोमावर रबर चढवून त्याचा साचा काढला आणि सिमेंटचे भोमा ओतायला लागला. बसमधले पाहुणे घेऊन जायचे, हॉटेलवाले तर टेम्पो भरून न्यायचे. एका हॉटेलाने तो संडासाच्या दारावर बसवला. दुर्पाने ते पाहिलं, थेट भावाच्या अंगणात आला आणि हातोड्याने रांगेतला पहिला भोमा फोडला.

"आजोबांना संडासावर टांगलंस!"

"तुझ्या आजोबांनी माझ्या पोरांना भात वाढला," पुगेर म्हणाला. "दगडाला भूक लागत नाही दुर्पा, पोरांना लागते."

त्या दिवसापासून बोलणं बंद. दोघांच्या अंगणांमध्ये एक भिंत होती, ती आणखी उंच झाली. आमच्यात थोरल्या भावाला ब्ली म्हणतात. बायकोही नवऱ्याला तेच म्हणते. दुर्पाने तो शब्दच टाकला. बोलायची वेळ आलीच तर "पलीकडचा" म्हणायचा. सणासुदीला पुगेरची बायको रिंती मात्र नैवेद्याचं ताट भिंतीवरून पाठवत राहिली आणि दुर्पा ते चाटूनपुसून खात राहिला. भांडण पुरुषांचं होतं, असं रिंतीचं म्हणणं.

दाराचं काम सुरू झालं त्याच सुमाराला पुगेरने अंथरूण धरलं. दुर्पाच्या बरोबरीने परांचीवर काम करणारा नेंगा लोद्रा, तोंडाचा फटकळ पण मनाने साफ. दाराच्या बाजूच्या वेली त्याच्याकडे होत्या.

"भेटून तरी ये," लोद्रा एकदा म्हणाला. "वाटेत संडासावरचा भोमाही बघ. सुळे कसे होते ते आठवेल."

"मी आंधळा झालो तरी त्या सिमेंटकडे बघणार नाही."

"आणि भावाकडे?"

दुर्पाने छिन्नीवर दोन घाव जास्तच जोरात घातले. "आधी दार. दार झालं की जाईन. त्याला सांगायला काहीतरी घेऊन जाईन." हे त्याने मनाशी पक्कं ठरवलं होतं. नुसतं जाऊन रडण्यात त्याला कमीपणा वाटत होता. हातात पूर्ण झालेला भोमा असला की तोंड वर करून जाता येईल, असा त्याचा हिशेब.

दाराच्या शुद्धीचा दिवस उद्यावर आला. शुद्धी झाली की त्या दगडाला छिन्नी लावायची नाही. पाठोपाठ तीन दिवस देवळाचा उत्सव. दुर्पाचा भोमा झालाच होता. राहिला होता डाव्या बाजूचा खालचा सुळा. सुळा पुढे आलेला, खाली दगडाचा आधार नाही, एक घाव चुकला की तुटून खाली.

सकाळी त्या सुळ्याला हात घालायच्या आधी दुर्पाने खाली पाहिलं तर रस्त्यापलीकडे रिंती उभी. साधं लुगडं, केस घट्ट बांधलेले. देवळाच्या बाहेरच्या फाटकाजवळही ती आली नाही. तिथूनच तिने हाक मारली.

"दुर्पा! तुझे ब्ली झोपलेत."

लोद्राचा हात थांबला. पुजारी जेरो मंकु फुलं निवडत होते, त्यांनी मान वर केली नाही. अंगण झाडणाऱ्या बायकांचे खराटेही थांबले.

उत्सवाच्या तोंडावर घरात कुणी गेलं तर आमच्यात "गेला" म्हणत नाहीत. "झोपला" म्हणतात. मरणाची वर्दी देणारा आळीचा लाकडी कुलकुल वाजत नाही, घरात कुणी रडत नाही, निजलेल्याच्या उशाशी रोजच्यासारखी कॉफी ठेवतात. जोवर त्याला हाक मारून उठवायचा प्रयत्न होत नाही तोवर तो झोपलेलाच, आणि तोवर भाऊबंदांना सुतक नाही. सुतक लागलं की देवळात पाऊल टाकायचं नाही. दुर्पा परांचीवरून खाली उतरला असता, तर सुळा लोद्राला करावा लागला असता.

"म्बोक, कधीपासून?" दुर्पाने विचारलं. वहिनीला तो म्बोकच म्हणायचा.

"पहाटेपासून. छान गाढ झोप लागलीय." रिंतीचा आवाज जराही हलला नाही. "तुझं काम उरक. घाई करू नकोस." आणि ती वळून गेली. तिची पाठ ताठ होती.

दुर्पाने छिन्नी सुळ्याला टेकवली आणि तशीच धरून ठेवली. लोद्रा हळूच जवळ सरकला.

"उतर तू. मी करतो सुळा. तुझ्यासारखा नाही होणार, पण तोडणार नाही."

"का उतरू?"

"अरे, डोळे बघ तुझे."

"झोपलेल्या माणसासाठी कुणी रडतं का? धूळ गेलीय." दुर्पाने डोक्याचं फडकं सोडलं, डोळे पुसले, पुन्हा आवळून बांधलं. "जरा समुद्राच्या अंगाला सरक. उजेड अडतोय."

आणि तो कामाला लागला. ज्या बाईने स्वतःचं रडणं गिळून त्याला हा दिवस दिला, तिचा दिवस वाया घालवायचा नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. सुळ्याचा बाक कसा होता ते डोळ्यांना आठवेना. बोटांना आठवलं. लहानपणी पुगेरने त्याला खांद्यावर उभं करून भोमाच्या तोंडात हात घालायला लावला होता. "चावला का?" खालून पुगेर विचारत होता आणि हसण्याने त्याचे खांदे हलत होते, आणि दुर्पा वर किंचाळत होता. मग आजोबांनी दोघांच्याही कानाखाली वाजवली. तो सुळा त्याने भावाच्या खांद्यावरून हाताळला होता. इतकी वर्षं त्याला वाटायचं की आपल्याला आजोबांचा हात आठवतो.

दुपार कलली. लोद्राने आणलेला भात तसाच राहिला. उन्हं देवळाच्या मागच्या नारळींत उतरली तेव्हा दुर्पाने शेवटची भुकटी फुंकून उडवली. सुळा उभा होता. लोद्राने बराच वेळ पाहिलं.

"हरामखोर," तो म्हणाला. "चावेल असं वाटतंय."

खाली मंकु वाट बघत होते. वयाने थकलेले, पण गावाची गाडी कशी हाकायची ते त्यांना ठाऊक. त्यांनी दुर्पाला बाजूला घेतलं.

"ऐक. रिंतीशी मी बोलून आलोय. उत्सव होईपर्यंत ब्ली झोपून राहतील. उद्या शुद्धीला तू दाराखाली पहिला उभा राहा. हा मान तुझ्या घराण्याचा आहे. उत्सव संपला की मग उठवू."

दुर्पाने वर पाहिलं. आयुष्यभर याच दिवसासाठी तो झिजला होता. उद्या ढोल-झांजा वाजणार, पाणी शिंपडलं जाणार, आणि त्याच्या भोमाखालून सगळं गाव आत जाणार.

"जेरो मंकु, तीर्थ लोद्रावर शिंपडा. वेली त्याने केल्यात."

"आणि तू?"

"मी घरी चाललोय."

"दुर्पा, त्याला उठवलंस की चार दिवस आत येता येणार नाही."

"भोमा वर बसलाय ना पहाऱ्याला. माझं आत काय काम?" असं म्हणून त्याने हत्यारं गोळा केली आणि तो निघाला.

पुगेरच्या अंगणात तो कित्येक वर्षांनी शिरला. कडेला सिमेंटचे भोमा ओळीने उभे होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे गेला. पूर्वेच्या ओट्यावर पुगेर निजला होता, गळ्यापर्यंत चादर, इतका बारीक झालेला की दुर्पाला आधी ओळखूच आला नाही. रिंती उशाशी बसून माशा वारत होती. कॉफीवर साय धरली होती.

"झाला सुळा?"

"झाला."

"मंकुंनी सांगितलं ना तुला? उत्सव होऊ दे. मला जमेल."

"सगळा उत्सव तुम्ही रडणार नाही?"

"नाही."

"म्बोक, सकाळपासून तुम्ही पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाहीये."

"तू घेतलास?"

दुर्पा ओट्यावर चढला, भावाच्या डोक्याशी बसला. "मला आधीच उशीर झालाय. आणखी चार दिवस मला नकोत. उठवतो त्याला."

रिंतीच्या हातातला पंखा थांबला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली.

दुर्पाने तोंड उघडलं, पण टाकून दिलेला शब्द लगेच येईना. घसा खाकरून त्याने हळूच म्हटलं, "ब्ली."

रिंती वाकली, चादर सारखी केली.

"मोठ्याने मार हाक," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, त्यांना ऐकू कमी येतं."

हे दुर्पाला माहीत नव्हतं. एका भिंतीपलीकडे राहून माहीत नव्हतं. भावाच्या कानाशी तोंड नेऊन त्याने अशी हाक मारली की भिंतीपलीकडची कोंबडी उडाली, रस्त्यावरची माणसं थबकली, आणि देवळात परांची सोडणाऱ्या लोद्राने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

"ब्ली! ब्ली, ऊठ! मी आलोय!"

पुगेर उठला नाही. तेव्हा कुठे रिंतीने हंबरडा फोडला.