बादशहाची ढाल

आमच्या घरात नर कोण आणि मादी कोण, हे सांगण्याचा अधिकार फक्त माझ्याकडे होता. घरात पांढऱ्या लक्का कबुतरांची एकच जोडी होती. दोन्ही शेपटीचा पंखा उभारून सारखीच मिरवत. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यातला फरक कळत नसे. तरी नराचं नाव त्यांनी बादशहा ठेवलं होतं आणि उस्मानाबादला कबुतरांच्या प्रदर्शनात नरांची ढाल तोच आणणार, असं साऱ्या बेंबळी गावाला सांगून टाकलं होतं. ढालीसाठी भिंतीत खिळाही ठोकून झाला होता.

प्रदर्शनाच्या दिवशी दहाच्या एसटीची घाई होती. मी खुराड्यात डोकावलो. परवाच्या अंड्यावर एक कबूतर बसलेलं, दुसरं बाहेर दाणे टिपत हिंडत होतं. मी बाहेरचं उचललं.

"त्योच नर कशावरनं?" माझ्या बायकोनं, शांतानं, विचारलं.

"अंड्यावर कोण बसतं? बाहेर कोण हिंडतं? आपल्याच घरात बघ की."

शांतानं पिंजऱ्याचं दार उघडून धरलं.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून जनावरांचे डॉक्टर होते. आबा पिंजऱ्याला खेटून उभे राहिले. "छाती बघा सायेब. अस्सल मर्दाची चाल हाय."

अस्सल मर्द कोपऱ्यात जाऊन बसला.

"दमलाय," मी म्हणालो. "एसटीनं आलाय."

थोड्या वेळानं बादशहा उठला. खाली पांढरं अंडं होतं.

"हे कुणाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेजारच्या पिंजऱ्यातनं आलं असंल," आबा म्हणाले.

शेजारचा पिंजरा रहीमभाईंचा. "मुबारक हो, आबा," ते म्हणाले. "बादशहा बाळंत झाले." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "अहो, कबुतरांत दिवसा नर बसतो अंड्यावर. मादीची पाळी रातची. तुमचा बादशहा घरी बसलाय."

ढाल रहीमभाईंना मिळाली. आबांनी अंडं फेट्याच्या शेमल्यात गुंडाळलं आणि बेंबळी येईपर्यंत ते मांडीवर धरून बसले. घरी खरा बादशहा जागचा हलला नव्हता. शांतानं सगळी हकीकत ऐकून घेतली. "नर दिवसभर बसतो व्हय अंड्यावर?" एवढंच ती म्हणाली. ढालीच्या खिळ्याला तिनं दाण्यांची पिशवी टांगली.

पुढच्या वर्षी शांता बाळंत झाली. मी धावत ओसरीवर आलो. "आबा, मुलगा झाला!"

आबा जागचे उठले नाहीत.

"थांब," ते म्हणाले. "सुईणीला इचारू दे."