पाण्याखालची शीव

लेक अमेरिकेत, आणि जावयाला नवी नोकरी लागली ती नदीपल्याड कॅनडात. जायचा रस्ता थेट नदीच्या खालून. चार महिन्यांच्या नातवाला बापाकडं पोचवायला आम्ही अंबडचे दोघं म्हातारे नवरा-बायको लेकीच्या गाडीत बसलो. नातू तीन दिवसांपासून रडून राह्यला होता, दूध तोंडाला लावेना. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. हिचं निदान एकच, दृष्ट.

बोगद्याच्या तोंडाशी हिनं पिशवीतून ज्वारीच्या भाकरीचा तुकडा काढला, बाळावरून तीनदा ओवाळला आणि माझ्या मुठीत कोंबला. आमच्याकडं लेकरू पहिल्यांदा गावची शीव ओलांडतं तेव्हा असा तुकडा शिवेवर टाकतात. त्याची पीडा तिथंच राहते म्हणे.

"शीव आली की फेका बाहेर."

"अगं, मी सारी उमर पोरांना विज्ञान शिकवलं!"

"मंग आता नातवासाठी जरा हात हलवा. खिडकी तुमच्याकडं हाय."

गाडी आत शिरली. डोक्यावर अख्खी नदी, आणि आत एक थेंब टपकत नव्हता. आमच्या अंबडच्या घराच्या गळक्या स्लॅबला नेऊन दाखवावं असं काम! तेवढ्यात भिंतीवर दोन्ही देशांचे झेंडे दिसले.

"आली शीव! फेका, फेका!"

मी काचेचं बटण दाबलं. काच ढिम्म.

"बाबा, काच मी लॉक केलीय. इथं कॅमेरे आहेत, गप बसा!" लेक ओरडली.

झेंडे मागं गेले. हिचे डोळे भरून आले. "एवढंसं काम सांगितलं, तेबी जमलं न्हाई तुम्हाला."

बोगदा संपला आणि समोर तपासणीची चौकी. खायचं काही असलं तर सांगावं लागतं, असं लेक म्हणाली, आणि माझं डोकंच चालेना. गाडी थांबायच्या आत मी तुकडा तोंडात टाकला.

आदल्या दिवशीची भाकर, कोरडी ठक्क. गिळवेना, थुंकवेना. अधिकाऱ्यानं नेमकं मलाच विचारलं, कुठून आलात? 'अंबड' म्हणायला तोंड उघडलं तर भुगा उडाला. तो वाकून बघायला लागला. लेक म्हणाली, बाबांना भरून आलंय. त्यानं आमचे कागद जल्दी परत दिले.

पुढं गेल्यावर हिनं कपाळावर हात मारला. "अहो, ओवाळलेला तुकडा खाल्ला? लेकराची पीडा पोटात घेतली तुम्ही!"

"काही पीडाबिडा नसते," मी म्हणालो.

जावयाच्या घरी नातू पोटभर दूध प्यायला आणि गाढ झोपला. संध्याकाळी माझ्या पोटात कळ आली, चांगली जोरात. शिळी भाकर कोरडी गिळली की पोट दुखणारच, यात विज्ञान बराबर आहे. तरी मी पाळण्याशेजारी पोट धरून बसलो आणि प्रत्येक कळेला मनात म्हणालो, ये बाई, माझ्याकडंच ये.