आमची अल्ट्रासॉनिक्सची खोली

आता मी जिथं काम करते तिथं धूळ चालत नाही, कागद चालत नाही, आणि तोंडावर मास्क असल्यानं गप्पाही होत नाहीत. तिळाएवढ्या चिपवर ध्वनिलहरी धावत्या करायच्या, सेकंदाला शंभर कोटी कंपनं, आणि संध्याकाळी बंगळुरूच्या ट्रॅफिकमधून घरी. बोलायचं राहिलेलं आत साठत जातं. साठतं ते सगळं अमरावतीच्या कॉलेजातल्या आमच्या अल्ट्रासॉनिक्स लॅबचं. लॅब म्हणजे एक खोली, माझे पीएच.डी.चे गाईड गावंडे सर, लॅब असिस्टंट सलीमभाई आणि मी.

*

आमचं काम द्रवातून जाणाऱ्या आवाजाचा वेग मोजायचं. जगभर लोक तो पंचवीस डिग्रीला मोजतात. मे महिन्यात आमची खोलीच त्रेचाळीसला, त्यात लोडशेडिंग, म्हणजे गार पाण्याचा पंप बंद. सर म्हणाले, मग त्रेचाळीसलाच मोजू. परदेशातल्या जर्नलच्या परीक्षकानं विचारलं, हे असलं विचित्र तापमान का निवडलं?

सरांनी एका ओळीत उत्तर पाठवलं: "हे आमच्या खोलीचं तापमान आहे."

पेपर छापून आला.

*

एकदा यंत्रातल्या, द्रवात आवाज सोडणाऱ्या क्वार्ट्झच्या चकतीची तार तुटली. नवी चकती यायला चार महिने. सलीमभाई मूळचे परतवाड्याचे, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. दोन दिवस खपून त्यांनी ती केसाएवढी तार परत जोडली. सरांनी पेपरच्या शेवटी त्यांचे आभार मानले, पण छपाईत सलीमचं 'स्लिम' झालं. सलीमभाईंचं वजन शंभराच्या आसपास. तरी त्यांनी हौसेनं झेरॉक्स घरी नेली.

भाभींनी ती नीट वाचली आणि म्हणाल्या, "चलो, किसी ने तो कहा."

*

ते कापसाचे वाईट दिवस होते. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची, पहिल्याच पानावर ओळखीच्या गावांची नावं असायची. माझ्या गावचे, अकोटकडचे पुंडलिककाका एका सकाळी एसटीनं हिरव्या बोंडांची पिशवी घेऊन थेट लॅबमध्ये आले. बाहेरून बोंड चांगलं दिसायचं आणि आत अळी शिरलेली असायची.

"तुमी आवाज सोडून आतलं पायता म्हन्ते," ते सरांना म्हणाले. "बोंड फोडल्याबिगर सांगता येते का, कोनत्यात अळी हाय?"

सर नाही म्हणाले नाहीत. तीन दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. पण बोंडातल्या कापसात हवा असते, आणि हवेत आमची लहर मरते. चौथ्या दिवशी काका आले, तोवर अळ्या आपापली भोकं पाडून बाहेर आल्या होत्या.

काकांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "आता तं मले बी दिसते."

सलीमभाई चहा सांगायला गेले. सरांनी वहीत त्या प्रयोगाखाली लिहिलं, 'पुन्हा करून पाहणे.'

*

सर रिटायर होऊन अकोल्याला राहायला गेले, आणि आयुष्यभर आवाज मोजणाऱ्या त्या माणसाला ऐकू येईनासं झालं. मी माझी चिप दाखवायला गेले, तेव्हा अमरावतीहून सलीमभाईही आले होते. सरांनी चिप भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिली. म्हणाले, हे आपल्या खोलीत झालं नसतं. मग म्हणाले, कॉलेजात एक जागा निघाली आहे, खोली आहे तशीच आहे, फक्त कुलूप लागलंय.

"येशील का परत?"

अमरावती सोडल्यापासून बारा वर्षं मी स्वतःला हेच विचारत होते. खाली बघत हळू आवाजात म्हटलं, "नाही सर. आता नाही जमायचं."

सरांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालीस?"

मला ते दुसऱ्यांदा म्हणता येईना.

सलीमभाई उठले, सरांच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "येते म्हन्ते, सर. दिवाळीनंतर येते."