शिरवलेली रोपं

आमच्या फ्रिजात भाजीच्या खणात एक डबा असायचा. त्यात ओली रेती आणि रेतीत बिया. हे काम माझ्या बायकोचं. शहराबाहेरच्या एका नर्सरीत ती पिशव्या भरायची, कलमं बांधायची. तिथं तळ्याच्या काठाला सरूसारखं एक उंच परदेशी झाड आहे. त्याला सुईसारखी बारीक पानं येतात आणि हिवाळ्यात ती सगळी गळतात. गोटीएवढी फळं धरतात. दिवाळीनंतर बायको ती फळं हातानं फोडून बिया काढायची. फळाचा चीक बोटांना असा चिकटायचा की साबणानं निघत नसे, खोबरेल तेल लावावं लागे. तो वास तिच्या हाताला महिनाभर असायचा.

सून एकदा म्हणाली, "आई, फ्रिजात रेती कोणी ठेवते का? पाहुणे आले तं काय म्हणतीन?"

"म्हणतीन, सासू गवंड्याची बायको हाये, फ्रिजातच घर बांधून राह्यली."

मी विचारलं तेव्हा मला नीट सांगितलं. "हे झाड थंड मुलखातलं. बियाले आधी हिवाळा दाखवा लागते, मंग ते उगवते. बालाघाटचा हिवाळा त्याले पुरत नाही."

मी चौथीपर्यंत शिकलो. हातात थापी आली ती म्हातारपणीच सुटली. झाडातलं मला काही कळत नाही. पण तिच्या कामाकडे मी बघत बसायचो.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला तिनं डबा बाहेर काढला. मूठभर बिया पेरल्या, उगवल्या पाचच. बाकीच्या पोकळ निघाल्या. पाचही कुंड्या तिनं तुळशीच्या ओट्याशेजारी घमेल्यात पाणी भरून त्यात ठेवल्या, वर ओलं पोतं बांधलं. सकाळी तुळशीला पाणी घातलं की तोच तांब्या या रोपांवर. एक रोप तिला कायमचं बुटकं ठेवायचं होतं. नर्सरीचा मालक त्याला बोन्साय म्हणतो. मला म्हणाली, "परातीसारखी उथळ कुंडी बनवून द्या. बूड जाड झालं की त्यात लावीन." मी सिमेंटची ओतून दिली. तिनं कडेवरून बोट फिरवलं.

"एका बाजूनं चढली हाये."

"डोळे तपास तुहे," मी म्हणालो. ती आत गेल्यावर पाणसळ लावून पाहिलं. चढली होती.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात तिला ताप आला. दवाखान्यात नेली. तिथून घरी आणली ती न्हाऊ घालायलाच. अस्थी वैनगंगेत शिरवल्या. लोक म्हणतात हळूहळू सवय होते. मला तर झालेली नाही. भात अजूनही दोघांचाच वाढून घेतो की काय असं वाटून ताटाकडे बघतो.

राहिली ती पाच रोपं. वीतभर झाली होती. तांब्या मी हातात घेतला.

थंडी पडली तशी पानं गंजासारखी लाल झाली आणि झडली. कुंडीत नुसत्या काड्या. नर्सरीतलं मोठं झाड दर हिवाळ्यात उघडं होतं हे मी पाहिलं होतं. पण एवढंसं रोप? त्याचं कोणाला विचारावं? जिला विचारायचं तीच नव्हती. मी पाणी घालत राहिलो. ही पाच गेली तर तिच्या हातचं जितं असं घरात काहीच उरणार नव्हतं.

किरनापूरहून तिची मोठी बहीण आली होती. म्हणाली, "जवाईबापू, मेलेल्या काड्यांले पाणी घालून राह्यले का?"

"तुम्ही रोज गुडघ्याले तेल लावता, ते काहून? तेही मेलेच हायेत."

दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

संक्रांतीला घरात सण नव्हता, वर्ष व्हायचं होतं. मी दाढी करायला गेलो. परत आलो तर ओट्यावरची तुळशीची कुंडी रिकामी आणि त्या पाचही रिकाम्या.

"काड्या कुठी गेल्या?"

"शिरवल्या, बाबा," सून म्हणाली. "तुळस वाळली होती, ते नदीवर न्याचीच होती. मंग म्हटलं, आईनं तुळशीसंगंच पाणी घातलं या रोपांले, कचऱ्यात कशी टाकू? मुळासकट काढली, हळदकुंकू लावलं, घाटाच्या पायरीजवळ सोडली."

माझं तोंड वाईट आहे. शिवी जिभेवर आली होती. पण हळदकुंकू ऐकलं आणि गिळली. सायकल काढली. सून मागून स्कूटीवर आली.

घाटावर आंघोळीची गर्दी, पाण्यात झेंडूचे हार. मी धोतर खोचून उतरलो आणि हारांत हात घालून चाचपू लागलो. दोन रोपं तुळशीच्या काड्यांत अडकलेली होती. एक खालच्या पायरीच्या चिखलात जाऊन रुतलं होतं. बाकीची दोन नाहीच सापडली.

एक माणूस अंग पुसता पुसता म्हणाला, "काका, शिरवलेलं परत नाही नेत घरी."

"इथं जे द्याचं होतं ते पोळ्याच्या वक्ताले देऊन गेलो मी," मी म्हणालो. "हे नाही देत."

मी एका काडीवर नख ओढलं. सालीखाली हिरवं.

सून वाकून बघत होती. "बाबा, हे तं जित्तं हाये."

"हौ."

"म्हंजे मी जित्ती रोपं शिरवली?"

"पाण्यातच ठेवली ना. याले पाणीच लागते."

ती पायरीवर बसून रडायला लागली. मीही रडलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा. आणि ओल्या धोतरात, एवढ्या लोकांसमोर.

फाल्गुनात तिन्ही काड्यांवर हिरवे ठिपके आले. पहिले सुनेनंच पाहिले आणि ओरडून मला बोलावलं. त्या तिन्हींतलं जाड बुडाचं रोप मी उथळ कुंडीत लावलं. कुंडीच्या उतरत्या बाजूखाली छपरावरच्या कवेलूची खपली सरकवली. आता पाणसळ बरोबर दाखवते.

यंदा दिवाळी झाली आणि मी पिशवी घेऊन नर्सरीतल्या त्या झाडाखाली गेलो. घरी येऊन फळं फोडत बसलो. बोटं चिकटून बसली. सुनेनं खोबरेल तेलाची बाटली आणून माझ्या तळहातावर उपडी केली. मग मी रेती धुऊन डब्यात भरली आणि फ्रिज उघडला.

भाजीचा खण तिनं आधीच रिकामा करून ठेवला होता.